बिनकामाचा डोळा

घड्याळजीचा डावा डोळा गेला, हे त्याला स्वतःला चार दिवस कळलंच नाही. तीस वर्षं तो उजव्या डोळ्याला भिंग लावून घड्याळं उघडत आला. डावा उघडाच असे, पण आपण काही बघायचं नाही, हे त्या डोळ्याच्या अंगवळणी पडलेलं. तापातून उठल्यावर साखर भडकली, गाल बधिर झाला, पापणी लोंबायला लागली, तरी गडी दुकानात बसून चिमट्यानं चाकं बसवतच होता. शेवटी बायकोनंच त्याला ओढत इस्पितळात आणलं.

सर्जन खाटेशी उभ्या उभ्याच बोलला. "नाकातून चढलेली बुरशी आहे. डोळ्याच्या खोबणीत शिरलीय. आज डोळा काढला नाही तर मेंदूत जाईल. तुमची सही लागेल."

"दोन दिवस औषध देऊन बघा की," घड्याळजी म्हणाला. "अंधुक दिसतंय अजून. चालू घड्याळ कुणी भंगारात टाकतं का?"

"दुपारपर्यंत सांगा," म्हणून सर्जन पुढच्या खाटेकडे गेला.

बायको समोरच्या स्टुलावर बसली होती. "अहो, ऐका त्यांचं."

"तुला सांगायला काय जातंय? डोळा माझा आहे."

"आणि नवरा कुणाचा आहे?"

तो हसायला गेला. गाल अर्धाच हलला.

"बरं, उजवा डोळा झाका," ती म्हणाली. "आणि मी दिसते का सांगा."

त्यानं तळहात धरला. ती चपला तिथंच सोडून, पाय न वाजवता खाटेच्या मागे गेली.

"दिसतेस की," तो म्हणाला. "धुरकट, पण बसलीयस समोर."

"मी तुमच्या मागे उभी आहे," ती त्याच्या मानेशी हळूच म्हणाली.

त्यानं तळहात काढला. समोर रिकामं स्टूल होतं, खाली तिच्या चपला. "आण तो कागद."

तीन तास ती ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घेत राहिली. सर्जन आला तेव्हा त्याच्या कपाळावर टोपीचा वळ होता.

"डोळा काढला. मागचं हाडही थोडं खरवडलं. दिसली तेवढी बुरशी काढलीय."

"आणि न दिसलेली?"

सकाळपासून उभ्यानंच बोलणारा तो माणूस तिच्याशेजारी बाकावर बसला.