मेयोचा चौकडा

कापड पाण्यातून काढायचं, मगच कात्री लावायची, ही माझ्या अम्मीची शिकवण. चाळीस वर्षं पाळली. त्याच शिकवणीने माझं तोंड काळं व्हायची वेळ आणली!

सिस्टर नोरा इथे आखातात आमच्या हॉस्पिटलातली नर्स, मूळची आयर्लंडची. येत्या शुक्रवारी तिच्या मुलाचं लग्न, त्याला किल्ट शिवायचा होता. मागे चुण्या, पुढे एकावर एक दोन पदर, असा पुरुषांचा घागरा. तिच्या वडिलांनी गावाहून लोकरीचं चौकड्याचं कापड पाठवलं. तिकडे जिल्ह्याजिल्ह्याचा चौकडा वेगळा. हा त्यांच्या मेयोचा.

"फार जुना नाही, जैतून. तीसेक वर्षांपूर्वी गिरणीने काढलेला," सिस्टर म्हणाली. "पण बाबा त्यावर हात फिरवतात आणि रडतात."

"शिवणार तर मीच," मी म्हटलं. गेल्या वर्षी आमच्या ह्यांचं, नसरुद्दीनचं, हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा हिनेच त्यांना जपलं. तिच्यासाठी एवढंही करायचं नाही?

आणि केलं काय, तर सवयीने लोकर गरम पाण्यात बुडवली! हाय अल्ला, आटून जाड झाली. मुलगा बुटका म्हणून उंची भागली, पण आतल्या पदराला कापडच उरेना. दुसरं मागवायला वेळ कुठला?

"आतलं कोण बघतंय? काहीतरी जोड आणि खलास," हे म्हणाले. मग मी ह्यांचीच जुनी चौकड्याची लुंगी गुपचूप कापली.

मंगळवारी सिस्टर अल मन्सूरा भागातल्या माझ्या शिवणाच्या दुकानात आली. किल्ट बघून नुसती "थँक यू, थँक यू" करत राहिली. माझ्याच्याने राहवेना. ज्या बाईने माझा माणूस वाचवला तिला फसवू? मी वरचा पदर उलटला आणि सगळं सांगून टाकलं. रडलेसुद्धा.

सिस्टरने किल्ट जवळ ओढला. बोटांनी लुंगी चाचपत राहिली.

"ही मला माहीत आहे," ती म्हणाली. "ऑपरेशननंतर नसरुद्दीन हॉस्पिटलच्या झग्यात चालायला लाजत होते. शेवटी मीच ही नेसवली, तेव्हा पहिली चार पावलं टाकली. राहू दे. माझा मुलगा हीच नेसून चालेल."

तेवढ्यात हे घरून आलेच, तणतणत. "माझी लुंगी कुठाय गं?"

मी बोट दाखवलं आणि सिस्टर काय म्हणाली तेही सांगितलं. हे बघत राहिले, मग डोळे पुसले.

"शुक्रन, सिस्टर," म्हणाले. "पोराला सांगा, गाठ घट्ट मारून ठेव."