भावाच्या दुकानातला चार्जर

लोटननानांचा उजवा तळहात पट्टीत गुंडाळलेला होता आणि भुवईवर चार टाके पडले होते. निवृत्त पोस्टमन, धुळ्यात देवपुरात मृणालीच्या शेजारच्या खोलीत एकटेच राहायचे. मुलगी नाशकात. सकाळी फरशी पुसून झाल्यावर ते ओल्या पायांनीच, चार्जिंगला लावलेला फोन हातात धरून मुलीशी बोलत बसले होते. फोनच्या धातूच्या कडेतून झटका बसला आणि नाना पलंगाच्या कोपऱ्यावर आपटले.

"माले वाटनं, कोनी हात धरी ठेया," नाना दवाखान्याच्या खाटेवरून सांगत होते. "सुटेच ना."

"चार्जर कोणता होता, नाना?" मृणालीने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

"तू दिधा तोच ना, बाय. तुना भाऊना दुकानना."

नानांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच तिला ते सोसवेना. मृणाली आयटीआयत इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. नऊ वर्षं ती प्रत्येक नव्या बॅचला बजावत आली होती की चार्जरवरचा 'आर'ने सुरू होणारा प्रमाणपत्राचा नंबर सरकारी ॲपवर टाकून बघा, शंभर वॅट लिहिलेली प्रत्येक सी-टाइप केबल शंभर वॅट पेलते असं समजू नका. आणि स्वतः मात्र भावाने दिलेला डबा तसाच पर्समध्ये टाकून आणला होता. भावाच्या दुकानातली वस्तू काय तपासायची!

नानांच्या खोलीतून चार्जर आणून तिने प्रयोगशाळेच्या टेबलावर तो फोडला. आत बोटाच्या पेराएवढी लोखंडी पट्टी चिकटवलेली. हाताला जड लागावा, अस्सल वाटावा, एवढ्यासाठीच. खरं सर्किट निम्म्या जागेत कोंबलेलं. भिंतीतल्या दोनशेतीस व्होल्टची बाजू आणि फोनकडे जाणारी बाजू यांच्यात तांदळाच्या दाण्याएवढं तरी अंतर लागतं. इथे मधून नखही गेलं नसतं. चार्जरवरचा नंबर तिने ॲपवर टाकला. तो भलत्याच कंपनीच्या एलईडी दिव्याचा निघाला.

तिने तुकडे प्लास्टिकच्या पिशवीत भरले, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि भावाचं दुकान होतं त्या दोंडाईचाची एसटी पकडली. शेजारच्या बाईने "कुठे निघालीस?" म्हणून विचारलं, तर तिने नुसतं तिकीट दाखवलं. दात एवढे आवळलेले होते की जबडा दुखत होता.

स्टेशन रोडवरच्या 'प्रशील मोबाईल'मध्ये तीन गिऱ्हाइकं उभी होती. तिला बघून प्रशील हसला. "ताई! फोन नाही, काही नाही? चहा सांगतो."

तिने पिशवी काचेच्या काउंटरवर उपडी केली. "हा कोणी दिला मला?"

प्रशीलने तुकड्यांकडे पाहिलं, मग गिऱ्हाइकांकडे. "एखादा पीस निघतो खराब. बदलून देतो ना."

"लोटननाना दवाखान्यात आहेत. त्यांचा हात बदलून दे."

"हळू बोल ताई, गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाईक आहे म्हणूनच मोठ्याने बोलतेय."

तिने हुकाला लटकणारे दोन डबे ओढून काढले आणि पर्समधल्या पेचकसाने पहिला चार्जर उचकटला. आत पट्टी. दुसऱ्यात पण पट्टी. मग 'शंभर वॅट' लिहिलेली केबल कात्रीने कापली. जाड, मऊ आवरणाच्या आत तारा केसांसारख्या. लॅपटॉपसाठी केबल घ्यायला आलेली कॉलेजची मुलगी ते बघून दोन पावलं मागे सरकली.

"लोकांना स्वस्तच पाहिजे असतं," प्रशीलचा आवाज चढला. "पासष्ट वॅट छापलेलं बघतात, 'फास्ट होतो ना?' विचारतात. खरा दाखवला की पाठ फिरवून पुढच्या दुकानात जातात. मी एकट्याने काय करायचं?"

"मी स्वस्त मागितला होता का? 'म्हातारा माणूस आहे, चांगला दे,' असं म्हटलं होतं मी. शब्द आठवतात का तुला?"

त्याने कापलेली केबल काउंटरखाली सरकवली. तेवढ्यात तिची नजर काउंटरच्या आतल्या फळीवर गेली. प्रशीलचा स्वतःचा फोन चार्जिंगला लावलेला होता. कंपनीचा चार्जर, कंपनीची केबल.

"हा कुठला?"

"माझा आहे."

"आणि आईला कोणता दिलास?"

प्रशील काच पुसायला लागला. "आईला कंपनीचाच दिलाय."

दोंडाईचापर्यंतच्या वाटेवर मृणालीने मनातल्या मनात त्याला एक पळवाट ठेवली होती. त्याला कळलं नसेल, ठोक व्यापाऱ्याने फसवलं असेल. ती वाट त्याने स्वतःच बुजवली. त्याला सगळं माहीत होतं. आईपुरतं माहीत होतं, स्वतःपुरतं माहीत होतं. फक्त नानांचा हात आपल्या घरातला नव्हता.

तिने फोन काढून स्पीकरवर टाकला. दर सुट्टीला ती इथून सहकाऱ्यांसाठी चार्जर, केबली घेऊन जायची. "संघपाल सर, मी मृणाली. माझ्या भावाच्या दुकानातला चार्जर आत्ताच्या आत्ता प्लगमधून काढा. हो, नकली आहे. हो, त्याला माहीत होतं." मग प्रज्ञाला. मग ऑफिसातल्या भिकनभाऊंना. सात जणांना फोन केले, आणि सातही वेळा "त्याला माहीत होतं" म्हणताना तिने भावाकडेच बघितलं. चौथ्या फोनला प्रशीलने हात पुढे केला. तिने तो झटकला.

दुकानात आता कोणी उरलं नव्हतं.

"ताई, धंदा बसवलास माझा." त्याचे डोळे भरून आले होते.

"नाना गेले असते." तिलाही रडू कोसळत होतं, पण तिने ते बाहेर येऊ दिलं नाही. "शटर ओढ. हा सगळा माल एका खोक्यात भर. आणि चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"नानांसमोर."

त्याला वेळ लागला. हुक एकेक करून रिकामे झाले. मग कुलूप लावून तो खोकं उचलून निघाला. बसमध्ये दोघं शेजारी बसले, खोकं प्रशीलच्या मांडीवर.

नानांच्या खाटेपाशी प्रशील उभा राहिला. मान खाली घालून म्हणाला, "नाना, माल खोटा आहे हे मला ठाऊक होतं."

नानांनी डाव्या हाताने त्याला जवळ बोलावलं. मग म्हणाले, "जाऊ दे. पोरगा शे."

"जाऊ द्यायचं नाही!" मृणाली एवढ्या जोरात बोलली की पलीकडच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. "बत्तीस वर्षांचा आहे तो, नाना. आणि मीही शहाणी, न बघता तुमच्या हातात दिला. तक्रार करायची. ग्राहक आयोगात."

"तुना सख्खा भाऊ शे ना, बाय?"

"म्हणूनच."

तिने वही उघडली आणि तक्रारदार म्हणून नानांचं नाव लिहिलं. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्यासाठी 'सामनेवाले' लिहून पेन थांबला. प्रशीलने एकदा तिच्याकडे, एकदा नानांच्या हातावरच्या पट्टीकडे पाहिलं. मग स्वतःच दुकानाचं नाव, पत्ता सांगायला लागला. त्याखाली ज्याने माल दिला त्या ठोक व्यापाऱ्याचंही नाव सांगितलं. मृणालीने सगळं लिहून घेतलं. राग तसूभर उतरला नव्हता. अक्षर तेवढं वळणदार येत होतं.