दूधवाल्याच्या मुलीचं लग्न

माझ्या दादाचं दुधाचं दुकान आहे. दूध, दही, लोणी, आइस्क्रीम, सगळं मिळतं. त्याच्या एकुलत्या एक लेकीने, आमच्या ठमीने, लग्न ठरल्याबरोबर जाहीर केलं, "जेवणात दुधाचा थेंब नको. लोणी नको, दही नको, मधही नको. मी व्हिगन आहे."

"व्हिगन कसलं, विघ्न आहे हे!" दादा उसळला. "दूधवाल्याच्या घरचं लग्न आणि दूध नाही? लोक म्हणतील, याच्या म्हशी पळून गेल्या."

ठमी हसली नाही. "बाबा, चार वर्षं मी या घरात कोरा चहा पितेय. का पितेय, हे एकदा तरी विचारलंत?"

दादा चपला घालून दुकानात गेला.

लग्नाची जेवणं करणं हा माझा धंदा. त्यामुळे इकडे भाऊ, तिकडे भाची आणि मधे मी. पण नवरीच्या जेवणात नवरीचंच चालणार, असं मी ठरवून टाकलं. भाजलेल्या भोपळ्याचं सूप, तेलात परतलेले मशरूम, शेंगदाण्याच्या दाट रश्शातल्या भाज्या, वाटाण्याचा भात. चाखायला बोलावलं तर दादा आला नाही. वहिनी मात्र दोनदा येऊन गेली आणि डबाही भरून घेऊन गेली.

घोडं अडलं ते आइस्क्रीमपाशी. काजू भिजवले, वाटले, साखर घालून गोठवले. लग्नाच्या दिवशी सकाळी डबा उघडला तर आत नुसते बर्फाचे खडे. चमचा वाकला, पण आइस्क्रीम हललं नाही. संध्याकाळी दोनशे माणसं जेवणार होती. मी तो डबा घेऊन तडक दुकान गाठलं.

दादाने एक खडा तोंडात टाकला. तोंड वाकडं केलं.

"पाणी किती घातलंस?"

"अंदाजाने."

"अंदाजाने! दोनशे माणसांचं आइस्क्रीम कुणी अंदाजाने करतं? आणि गोठताना फिरवलं नाहीस. मग खडे होणार नाहीत तर काय होईल? आण ते काजू."

बाह्या सारून तो कामाला लागला. खडे वितळवले, त्यात आणखी काजू वाटून घातले, मंद आचेवर आटवलं. चमच्याच्या पाठीवर बोट ओढून दाटपणा बघितला, मान हलवली, पुन्हा आटवलं. मग आइस्क्रीमच्या मशीनकडे वळला आणि थबकला.

"यात रोज दूध असतं," तो म्हणाला.

त्याने मशीन पूर्ण उघडलं. एकेक भाग कढत पाण्याने, साबणाने तीनदा घासला. मी हात लावायला गेले तर म्हणाला, "राहू दे. तुला यातल्या फटी माहीत नाहीत. पोरीच्या पोटात दुधाचा कण जाता कामा नये."

मी तोंड फिरवून काजूची भांडी विसळायला घेतली.

संध्याकाळी आइस्क्रीम वाढलं. नवऱ्या मुलाच्या आजींनी तिसरी वाटी मागितली. "वा! दूध कसं दाट आहे तुमचं!"

"आजी, दूध नाही हो. काजू आहेत," मी म्हणाले.

"असतील. पण गोठा चांगला दिसतोय काजूंचा!"

दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. पाणी घेऊन ठमीच धावली. पाणी पिऊन झाल्यावर त्याने हळूच विचारलं, "का गं सोडलंस दूध?"

"आत्ता सांगू? सगळे फोटोला थांबलेत."

"थांबू देत."

ठमीने एक वाटी घेतली, बापाला हाताला धरून भांड्यांच्या खोलीत नेलं आणि दोघं उलट्या पातेल्यांवर बसली. ती सांगत होती आणि तो एकदाही मधे न बोलता ऐकत होता. फोटोवाला दोनदा दाराशी येऊन गेला. मी त्याला जेवायला बसवलं.