सगळं अमजदचं

"तो डबा ठेवा खाली. बूड तरी हाय का त्याला?"

"बूड बसवता येतं की," आमचे हे परवा म्हणाले.

बूड बसवता येतं म्हणे! आयुष्यभर तिसगावात पिठाची गिरणी चालवली आणि जमवलं काय, तर फुटके डबे, गिरणीचे तुटके पट्टे, लोकांच्या लग्नपत्रिका, जोडी हरवलेल्या चपला. मागच्या खोलीत पाऊल टाकायला जागा नाही. आमची लेक सृष्टी पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची, तिची खाट काय या उकिरड्यावर टाकू? तिच्या सासूने बजावलंय, खोली मोकळी झाली नाही तर पोरीला पाठवणार नाही.

सृष्टीनेच यांना पुण्याला दाखवलं होतं. मेंदू तपासायच्या यंत्रात निजवून समोर कागद फाडले, काही यांचे, काही परक्याचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुसऱ्याचा कागद फाटला की यांचा मेंदू गप्प असतो. स्वतःचा टाकायचा म्हटलं की चटका बसल्यासारखा भडकतो. "ते सोंग करत नाहीत हो." मला हसू आलं. मेंदू आहे, एवढं तरी कळलं.

पण ते दुसऱ्याचं मी बरोबर ध्यानात ठेवलं. आज सकाळी भंगारवाल्या अमजदला टेम्पो घेऊन बोलावलं आणि यांना सांगितलं, "कालच समदं अमजदला दिलंय मी. आता ह्यातलं काईच तुमचं न्हाई."

आणि हा माणूस चक्क उठला. एकेक वस्तू उचलायची, "हे बी अमजदचं?" म्हणून विचारायचं, मी "व्हय" म्हटलं की टेम्पोत नेऊन टाकायची. इतकं सोपं होतं तर! एवढी वर्षं मी उगाच डोकं फोडून घेतलं. कसला बावळट नवरा पदरात पडला होता माझ्या.

दुपारी पत्रिकांचा गठ्ठा हातात घेऊन त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी कंटाळून गप्प बसले.

ते जागचे हलेनात.

"न्हाई ते त्याचं, ठावं हाय मला," ते म्हणाले. "पन तू म्हनत ऱ्हा. तू म्हनलीस की हातातून सुटतंय. पोरगी यायचीय."

अमजद मान खाली घालून उभा राहिला. मला यांचा इतका राग आला की रडूच फुटलं.

"अमजदचं," मी म्हटलं.

मग टेम्पो भरेपर्यंत म्हणत राहिले. तो गेल्यावर मोकळ्या खोलीत उभं राहून त्यांनी अंगातल्या शर्टाची कड चिमटीत धरली.

"आन् ह्यो?"

"तुमचा हाय," मी म्हटलं, आणि सृष्टीच्या खाटेचं एक टोक त्यांच्या हातात दिलं.