तीन गोळ्या वर

मधुकररावांनी दारू सोडली यावर नागपुरातल्या कळमन्याच्या मिरची बाजाराचा विश्वास बसला, गल्लीचा बसला, मिहानमधल्या कंपनीत नोकरी करणाऱ्या त्यांच्या लेकीचा, भावनाचाही बसला. बसला नाही तो एकट्या जयवंताबाईंचा. आणि का बसावा? तीस वर्षांच्या संसारात या नवऱ्याने निदान अकरा वेळा दारू सोडली होती. एकदा तर बुद्धपौर्णिमेला अख्ख्या वस्तीसमोर सोडली आणि आठवडा उलटायच्या आत पुन्हा धरली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. जयवंताबाईंचा तर घशापर्यंत सगळा रस्ता पोळलेला होता.

पण या वेळची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. मधुकररावांचं वजन एकशे अडतीस किलो. साखर वाढलेली, गुडघे गेलेले आणि झोपेत घोरता घोरता श्वासच थांबायचा. पोट लहान करायचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी अटी घातल्या. दारू आणि बिडी आजपासून बंद. पाणी गटागटा प्यायचं नाही, कारण ऑपरेशननंतर घाईने प्यालेलं सगळं उलटून पडेल. म्हणून आत्तापासूनच घोट घोट घ्यायची सवय करायची, जेवताना पाणी नाही, सोडा तर नाहीच.

त्यातून फुफ्फुसांची चिंता वेगळीच. मिरची बाजारात तीस वर्षं दिवाणजी म्हणून काढलेली, छातीत मिरचीचा खकाणा आणि वरून बिडीचा धूर. डॉक्टरांनी एक प्लास्टिकचं यंत्र दिलं. त्यात तीन गोळ्या आणि एक नळी. नळीतून श्वास आत ओढला की गोळ्या वर चढायच्या.

"तीनही वर गेल्या आणि टिकल्या, तर भूल द्यायला मला धीर येईल," डॉक्टर जयवंताबाईंकडे बघून म्हणाले. "नाहीतर ऑपरेशननंतर छातीत कफ साचतो, न्युमोनिया होतो. अशा वजनाचा माणूस मग हाती लागत नाही."

ते शब्द जयवंताबाईंनी पदराला गाठ मारून घरी आणले. रोज संध्याकाळी नवऱ्याला समोर उभं करायचं. "तोंड उघडा. हा करा." मग वास घ्यायचा. वास नाही अशी खात्री झाली की विचारायचं, "गोळ्या किती?" ते सांगतील तो आकडा फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर लिहायचा. आधी एक, मग दोन आणि गेल्या आठवड्यापासून रोज तीन.

त्याच सुमारास मधुकररावांनी व्यायामाला गच्चीवर जायला सुरुवात केली. अर्धा-अर्धा तास खाली यायचे नाहीत आणि आले की तोंडाला बडीशेपेचा वास. बडीशेप! जयवंताबाईंनी खिसे तपासले, स्कूटरची डिकी उपसली, पाण्याच्या टाकीमागे हात घालून पाहिला. काहीच सापडलं नाही, आणि त्यामुळे संशय दुप्पट झाला. हा माणूस आता लपवण्यात तरबेज झाला, दुसरं काय!

त्यात समोरच्या घरातल्या भागीरथाबाईने आगीत तेल ओतलं. "भाऊजी रोज गच्चीवर बसून इवल्याशा कपातून काय पेतात वं? डोये मिटून, घोट घोट."

त्या संध्याकाळी जयवंताबाई चपला काढून जिना चढल्या. मधुकरराव स्टुलावर बसले होते, हातात खोकल्याच्या औषधाचं झाकण. जयवंताबाईंनी ते हिसकावलं आणि सरळ स्वतःच्या तोंडात ओतलं.

पाणी होतं. निव्वळ नळाचं पाणी.

"झालं समाधान?" मधुकरराव म्हणाले. "पाणी पेयाची प्रॅक्टिस करून राहिलो. डाक्टरनंच सांगतलं ना."

"अन् बडीशेप?"

"बिडीची तलफ आली का चावतो."

जयवंताबाईंना लाज वाटली. पण संशयाची सवय लाजेपेक्षा जुनी. "मंग गच्चीवर काहून? घरात कराले काय होते?"

मधुकररावांनी पायाने काहीतरी मागे सरकवलं. स्टुलाखाली ते यंत्र पडलेलं होतं. जयवंताबाईंनी ते उचलून त्यांच्या हातात दिलं. "ओढून दाखवा बरं."

त्यांनी श्वास ओढला. मानेच्या शिरा टरारल्या. पहिली गोळी वर गेली, दुसरी जागच्या जागी थरथरली, तिसरी हलली नाही. मग खोकल्याची उबळ आली. पुन्हा ओढला, तेच.

तीस वर्षं या बाईने नवऱ्याच्या बाहेर पडणाऱ्या श्वासावर पहारा केला होता. आत किती जातो, हे एकदाही पाहिलं नव्हतं.

"तीन म्हणत होते ना तुमी?"

"पहिल्या दिवशी एक म्हणलं, तं तू लिवून घेतलं. पाहिलं नाही, तपासलं नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माह्या शब्दावर तू काही लिवलं." मधुकररावांनी तोंड पुसलं. "दोन म्हणलं तं तुह्यं तोंड कसं खुललं होतं. मंग मांगं कसा येऊ? उद्या डाक्टरले कागद दाखवाचा हाय. तारीख पुढं गेली तं माही हिंमत सरते, जयवंता. चूप रहाय. एवढं आयक माह्यं."

जयवंताबाई रात्रभर कुशी बदलत राहिल्या. रागही येत होता आणि रडूही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कागद पाहिला. "वा! आठवडाभर तीन. पुढच्या सोमवारी करून टाकू."

मधुकररावांनी बायकोकडे पाहिलं. लग्नात पाहिलं असेल तेवढ्या आशेने पाहिलं.

"कागद खोटा हाय, साहेब," जयवंताबाई म्हणाल्या.

"कोणी लिहिला?"

"मीनं. न पाहता लिवला."

डॉक्टरांनी तिथेच यंत्र मागवलं. एक गोळी वर गेली. तारीख दीड महिना पुढे ढकलली गेली.

बाहेर लिफ्टपाशी येऊन मधुकरराव थांबले. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तुह्यावर इस्वास ठेवला होता मी."

"नका ठेवू," जयवंताबाई म्हणाल्या. "जित्ते राहा."