कापले म्हणून सांगितलेले कार्ड

मित्रांनो, मी एक जुने क्रेडिट कार्ड आहे. माझी मुदत संपली, खाते बंद झाले, आणि आता मी एका स्वयंपाकघराच्या खणात रबर बँड आणि न उठणाऱ्या पेनांच्या शेजारी पडून आहे. आज माझ्याकडे पाहून कोणाला पटणार नाही, पण एके काळी माझा थाट काही और होता.

एका खिडक्या नसलेल्या थंडगार कारखान्यात प्लास्टिकचे पातळ थर एकावर एक दाबून मला घडवले. पोटात नखाएवढी सोनेरी चिप बसवली आणि अंगावर उठावदार अक्षरांत एका माणसाचे नाव ठोकले. ज्याचे नाव, त्याचे आपण, एवढेच मला तेव्हा कळत होते. बाकीचे शिकायला मला फार वर्षे लागली.

माझे मालक कवळ्या बनवत. दातांचे डॉक्टर तोंडाचे माप पाठवत आणि मालक घरामागच्या कामाच्या खोलीत बसून त्यावरून मेणात, प्लास्टरमध्ये, गुलाबी प्लास्टिकमध्ये अख्खी बत्तिशी उभी करत. त्यांच्या बोटांत जादू होती. "लोकांना हसवायचा धंदा आहे माझा," असे ते म्हणत आणि स्वतःच मोठ्याने हसत. शेजारपाजारचे सगळे त्यांना बत्तिशीकाका म्हणत.

पहिल्यांदा त्यांनी मला वापरले ते मालकीणबाईंसाठी मऊ तळव्यांचे बूट घेताना. त्या रुग्णालयात मदतनीस होत्या. दिवसभर उभ्याने काम, संध्याकाळी पावले सुजून यायची. बूट घालून त्या दुकानातच चार पावले चालल्या आणि म्हणाल्या, "अहो, ढगावर चालल्यासारखं वाटतंय." मला किती आनंद झाला म्हणून सांगू! महिनाअखेरीस मालकांनी सगळे पैसे भरून टाकले. पुढची तीन वर्षे असेच चालले. बँकेने खूश होऊन माझी मर्यादा वाढवली, वर कौतुकाचे पत्रही पाठवले. मला वाटले, कौतुक माझेच आहे.

मग दोन डॉक्टरांनी मालकांचे पैसे थकवले. मागायला गेले की, "पुढच्या आठवड्यात या हो," असे गोड बोलून वाटेला लावत. मालक पडले भिडस्त. माल आणायला ते मला पुढे करू लागले. पूर्ण बिल भरणे जमेना, तेव्हा ते 'किमान रक्कम' भरू लागले. मित्रांनो, हे दोन शब्द दिसायला फार दयाळू आहेत. माझे व्याज होते शंभरामागे महिन्याला साडेतीन. बघता बघता बाकी एक लाख ऐंशी हजारांवर गेली. मालक दरमहा घाम गाळून नऊ हजार भरत, त्यातले सहा हजारांहून जास्त व्याजातच गडप होत. बँकेची पाकिटे ते दातांच्या खोक्यांखाली दडवून ठेवत. घरात कोणाला पत्ता नव्हता.

एका सुट्टीच्या सकाळी मालकीणबाई कामाची खोली झाडायला आल्या आणि खोकी हलवली. पाकिटे जमिनीवर पसरली. त्यांनी एकेक उघडून वाचले.

"हे कधीपासून चाललंय?"

"झाली दोनेक वर्षं."

"आणि मला कधी सांगणार होतात?"

"फेडून झाल्यावर," मालक खाली मान घालून म्हणाले.

मला वाटले, आता आकांडतांडव होणार. पण त्या स्टूल ओढून बसल्या आणि मापाच्या चिठ्ठीमागे पेन्सिलीने हिशेब मांडू लागल्या. दोन दिवस त्यांनी बँकांत चौकशी केली. एक बँक नव्या कार्डावर जुनी बाकी वळती करून घ्यायला तयार होती. शुल्क थोडे, आणि व्याज अठरा महिने शंभरामागे महिन्याला फक्त पाऊण. मालकांचा धंदा आज आहे तर उद्या नाही, म्हणून त्यांना काही ते कार्ड मिळेना. मालकीणबाईंचा पगार मात्र ठरल्या तारखेला येई. त्यांनी नवे कार्ड स्वतःच्या नावावर घेतले. नवऱ्याचे सगळे कर्ज आपल्या नावावर ओढून घेतले, आणि तोंडातून ब्र काढला नाही.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "महिन्याला अकरा हजार भरले की अठरा महिन्यांत सुटलो. एक तारीख चुकली तर सवलत गेली, तेवढं ध्यानात ठेवा. मी सुट्टीच्या दिवशीही कामावर जाईन. अठरा महिन्यांनी माझ्या चाळिशीला दोन महिने उरतात. परिचारिकेच्या शिक्षणाला चाळिशीच्या आतच घेतात. दोन वर्षं पगार नसेल, तेव्हा डोक्यावर कर्ज नको."

त्यांना परिचारिका व्हायचे होते. वीस वर्षे रुग्णांची अंथरुणे बदलताना त्यांनी बघून बघून अर्धे शिक्षण घेतलेच होते. सुई मात्र त्यांच्या हातात कोणी देत नव्हते.

"आणि ते जुनं कार्ड कापून टाका. आजच."

मालकांनी पत्रा कापायची मोठी कात्री घेतली. तिची धार माझ्या कडेला लागली. मग हात थांबला. "असू दे अडीअडचणीला," ते पुटपुटले आणि मला जुन्या साच्यांच्या खणात सारले. बाहेरून आवाज आला, "कापलं का?"

"कापलं," मालक म्हणाले.

मित्रांनो, तेव्हा मी मनातून हरखले होते. जीव वाचला म्हणून. त्या आनंदाची आज मला लाज वाटते.

सात महिने सगळे सुरळीत चालले. मालकीणबाई महिन्यातला एकही दिवस घरी नसत. घरी आल्या की बूट न काढताच पाच मिनिटे दाराशी बसत. अकरा हजार मोजून मालकांच्या हातात ठेवत आणि मालक ते बँकेत भरून येत. आठव्या महिन्यात एका डॉक्टरांनी निरोप दिला, "चिनी मातीचे दात भाजायची भट्टी घ्या, महिन्याला चाळीस दात देतो." मालकांचे डोळे चमकले. चाळीस दात म्हणजे कर्ज ठरल्या मुदतीच्या आधीच साफ. बायकोला चकित करायचे त्यांनी मनाशी ठरवले. माझी त्यांना आठवण झाली. माझ्यावर नव्वद हजारांची भट्टी आली.

"डॉक्टरांनी वापरायला दिलीय," त्यांनी घरात सांगितले. मालकीणबाईंनी कौतुकाने भट्टीवरून हात फिरवला. रुग्णालयात त्या सगळ्यांना सांगत सुटल्या, की आमच्या ह्यांच्यावर डॉक्टरांचा केवढा विश्वास!

दोन महिने दात आले. मग शहराबाहेर एक मोठा कारखाना सुरू झाला. तिथे यंत्र निम्म्या किमतीत दात करून देई. डॉक्टर तिकडे वळले. भट्टी गार पडली. माझ्या बिलावर मात्र साडेतीनचे व्याज चढतच राहिले. बाराव्या महिन्यात माझ्या बँकेची माणसे मालकांना फोनवर फोन करू लागली. मालकांनी घाबरून मालकीणबाईंचे अकरा हजार नव्या कार्डाऐवजी माझ्यावर भरले. पुढच्या महिन्यात भरून काढू, असे त्यांना वाटले.

पण नवे कार्ड मालकीणबाईंच्या नावावर होते. संदेश त्यांच्या फोनवर आला. त्या कामावरून थेट मागच्या खोलीत आल्या.

"तारीख चुकली म्हणतायत. सवलत बंद केली. मी दिलेले पैसे कुठे आहेत?"

मालकांनी साच्यांचा खण उघडला आणि मला टेबलावर ठेवले. मालकीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"तुम्ही कापलं म्हणाला होतात."

"चुकलं माझं. तुला चकित करायचं होतं."

"केलंत," त्या म्हणाल्या.

मालक कात्री शोधू लागले. मालकीणबाईंनी त्यांचा हात धरला. "राहू दे. कापलं म्हणजे संपलं, असं वाटतं तुम्हाला." मला उचलून त्या घरात गेल्या. तेव्हापासून मी या खणात आहे.

दोन्ही कार्डांची मिळून बाकी जवळजवळ पूर्वीइतकीच झाली होती. भट्टी निम्म्या किमतीला विकली. ज्या कारखान्याने धंदा नेला, तिथेच मालक पगारावर कवळ्या घासायला जाऊ लागले. कर्ज फिटायला आणखी दोन वर्षे लागली. मधेच केव्हातरी मालकीणबाईंना चाळीस वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशीही त्या कामावर गेल्या होत्या. आता कोवळ्या मुली शिकायला येतात, तेव्हा कुठल्या कपाटात काय आहे ते मालकीणबाईच त्यांना दाखवतात, आणि सुई टोचायची वेळ आली की बाजूला उभ्या राहतात.

मित्रांनो, कर्ज एका कार्डावरून दुसऱ्यावर वळते करणे वाईट नव्हे. मालकीणबाईंचा हिशेब अगदी बरोबर होता. पण तुम्ही मोठे झाल्यावर असे कराल, तेव्हा जुन्या कार्डाचे खाते त्याच दिवशी बंद करा. माझ्यासारख्याची दया करू नका. आणि घरात 'केले' म्हणून सांगाल, ते खरोखरच केलेले असू द्या.

मालक आता काहीच लपवत नाहीत. रोज संध्याकाळी समोर बसून दिवसभराचे सगळे सांगतात. चहाला किती गेले, कोणाकडून दहा घेतले, कोणाला परत दिले. मालकीणबाई भाजी चिरत ऐकतात, "बरं," म्हणतात. मग मालक विचारतात, "तुझा दिवस कसा गेला?"

"नेहमीसारखा," त्या म्हणतात.

मी खणातून कान देऊन असते. याहून जास्त त्या काही सांगत नाहीत.