मला मिटता आलं नाही

मित्रांनो, मी पंचफुलाबाईंच्या उजव्या फुफ्फुसातली एक म्हातारी पेशी आहे. श्वासातून आत आलेले जंतू गिळून पचवायचे, हे माझं काम. पंचफुलाबाई रोहणा गावात कापूस वेचतात. शेतातली धूळ, चुलीचा धूर, सगळं मी मुकाट्याने गिळलं.

मग त्यांच्या दिरांना, भैयाजींना, टीबी झाला. पंचफुलाबाईंनी त्यांची सेवा केली. भैयाजी वाचले नाहीत, पण त्यांच्या खोकल्यातला एक जंतू माझ्याकडे आला. मी त्याला गिळलं. तो पचला नाही. माझ्या पोटातच वाढू लागला.

अशा वेळी आमचं एक शेवटचं कर्तव्य असतं. आपणहून मरायचं. फुटायचं नाही, अंग आक्रसून जंतूला आत कोंडायचं आणि मिटायचं. मग ताजी पेशी येऊन आम्हाला जंतूसकट गिळते आणि बहुतेकदा तो तिथे मरतो. माझी शेजारीण अशीच गेली. मलाही जायचं होतं, पण जंतूने माझं मरणच अडवलं. मी जगण्यात त्याची सोय होती.

खोकला वाढला तेव्हा सून वर्षालीने सासूला दवाखान्यात नेलं. सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. माझ्या आतले जंतू मरू लागले. दोन महिन्यांत खोकला थांबला आणि पंचफुलाबाईंनी गोळ्या बंद केल्या.

“आई, गोळ्या काऊन नाई घेऊन राह्यल्या?” वर्षालीने विचारलं.

“मले आता खोकला नाई. गोळी घेतली का मळमळते, मंग वेचाले होत नाई.”

वर्षालीने उरलेल्या गोळ्या फळीवर ठेवून दिल्या.

उरलेले जंतू पुन्हा वाढले. माझ्या आसपासच्या पेशी मिटल्या नाहीत, फुटल्या. त्यांच्यातले जंतू मोकळे झाले, खोकल्याबरोबर बाहेर पडले. चार वर्षांची नात मयुरी आजीच्या कुशीत झोपायची. तिचा ताप तीन आठवडे उतरला नाही. तपासणीत टीबी निघाला.

“म्याच देल्लं इले,” पंचफुलाबाई एवढंच म्हणाल्या. नर्सबाईंनी त्यांना जवळ बसवलं. दोघींचंही औषध सुरू होईल, असं सांगितलं.

माझ्यासाठी उशीर झाला आहे. माझं आवरण ताणलं आहे, आज-उद्या मीही फुटेन. मित्रांनो, खोकला थांबतो तेव्हाही आम्ही आत झुंजत असतो. गोळ्यांनी त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा, पण मध्येच सोडू नका. मयुरीच्या छातीत एक कोवळी पेशी आता तोच जंतू पोटात घेऊन बसली आहे. तिला एकटं पाडू नका.